माळ्यावरची मोकळी जागा

पाळणा माळ्यावर नव्हता.

सत्यवती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, अर्धी माळ्यात आणि अर्धी खाली. कौलांतल्या काचेतून येणाऱ्या उजेडात तिला नुसती धूळ दिसत होती. धुळीच्या मधोमध एक लांबट चौकोन तेवढा स्वच्छ होता. चतुर्थीच्या आधी उंडीचं तेल लावून, वर जुनं पातळ पांघरून, तिने पाळणा इथेच ठेवला होता. पातळ होतं, नीट घडी करून बाजूला ठेवलेलं. चोर काही पातळाच्या घड्या घालत बसत नाहीत, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

म्हणजे घरातलंच कोणीतरी.

"वयनी, झाला काय?" खालून धाकट्या जावेची, नीरजाची हाक आली. "गाडी जुपलेली आसा!"

रामेश्वराचा कौल झाला होता. दुपार कलायच्या आत अख्खा आचरा गाव रिकामा व्हायचा होता. काही वर्षांनी एकदा देव गावपळणीचा हुकूम देतो आणि गाव वेशीबाहेर झावळांच्या राहुट्यांत तीन दिवस जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी बाहेर. घरात जीव म्हणून ठेवायचा नाही, दिवा लावायचा नाही. अंगणात गुरुदास, म्हणजे धाकटा दीर, कोंबड्यांच्या मागे धावत होता आणि मुंबईत राहून त्याचा कोंबड्या धरायचा हात गेला होता. रिकाम्या घरात उंदीर मोकाट सुटतील म्हणून पाळण्यावर आणखी एक चादर घालावी, एवढ्याचसाठी सत्यवती वर चढली होती.

या घरातून वस्तू नाहीशा होण्यात आता नवं काही राहिलं नव्हतं. नाहीशा करणारी तिची सासू होती, गोदूबाई. मागच्या गावपळणीहून परत आल्यावर ती पडवीत बसून म्हणाली होती, "एक टोप, एक तवो आणि दोन चटयो. काय अडला आमचा? कायच नाय. मगे ह्या सगळा आमी घासतंव कोणासाठी?"

सगळे हसले होते. गोदूबाई हसली नव्हती. वर्षभरात जी वस्तू हाताला लागली नाही ती आपली न्हय, असा तिने कायदा केला आणि तांब्याच्या मोठ्या हंडीपासून सुरुवात केली. मग गाद्या गेल्या, लोणच्याच्या भरण्या गेल्या, पाचातल्या चार समया गेल्या, सासरे दाजी वारल्यावर त्यांचा लोकरीचा कोट गेला. भांडीवालीला देऊन निदान स्टीलचे डबे तरी घ्यायचे, तर तेही नाही. "एक देवन दुसरा घेतला तर दिला काय आमी?" ज्याला लागेल त्याला फुकट. सत्यवतीने उरलेली समई भाताच्या कणगीत पुरून ठेवली होती आणि सासूला ती जागा ठाऊक होती, पण दोघींपैकी कोणी त्यावर बोलत नव्हतं. पोलीस आणि चोर एका चुलीवर जेवत होते, आणि कोण कुठला हे दिवसागणिक बदलत होतं.

हंडीचं तिला वाईट वाटलं होतं. पण हंडी ही हंडी. पाळण्याची गोष्ट वेगळी.

तो दाजींनी रविकांतच्या वेळेला सावंतवाडीहून करून आणलेला. फणसाचं लाकूड, चिताऱ्याने रंगवलेले चार राघू, आणि टांगायला पितळी साखळ्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो सत्यवतीसाठी खाली काढला होता. पाचव्या महिन्यात सगळं संपलं आणि तो पुन्हा वर गेला. नंतर काही झालं नाही. दरवर्षी चतुर्थीची साफसफाई आली की ती शिडी लावून वर जायची, पाळणा पुसायची, तेल लावायची, आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत खाली यायची. साखळ्या मात्र तिने पहिल्याच वर्षी काढून आपल्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. कोणा नातलगाने बारशासाठी पाळणा मागितलाच तर ती सांगायची, साखळ्या हरवल्या. खोटं बोलल्याचं तिला कधी काही वाटलं नाही. आता तिची चाळिशी जवळ आली होती आणि पाळणा माळ्यावर आहे तोवर या घरात आपल्या नावाची एक जागा राखलेली आहे, असं ती धरून चालली होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिचं तिलाच हसू आलं असतं.

आणि आता ती जागा मोकळी होती.

कोणासाठी मोकळी केली, याचा विचार करायला तिला शिडी उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. नीरजा मुंबईहून आल्यापासून भरदुपारी झोपत होती. वालावलच्या खाडीकाठी वाढलेली पोर, आणि बांगडा तव्यावर पडला की पदर नाकाला लावून परसात जायची. येताजाता कोकमाची सोलं चोखायची. सत्यवतीला मूल नव्हतं, पण डोळे होते.

रविकांत पडवीत गादीची वळकटी बांधत होता. तो मालवणला एका कचेरीत कारकून. घरी मालवणी बोलायचा, कचेरीत पुस्तकी. पण इतक्या वर्षांच्या संसारात सत्यवतीला त्याची एक खोड पाठ झाली होती: खोटं बोलायची वेळ आली की तो घरातही कचेरीत शिरायचा.

"अवो, पाळणो खंय आसा?"

"कोणता पाळणा?"

"आमच्या घरात चार आसत?"

रविकांतने वळकटीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "त्याबाबत मला काहीच कल्पना नाही," तो म्हणाला.

झालं. नवरासुद्धा त्यांच्यातच.

तिने मग गाडी भरायला घेतली. नेहमी लागतं त्याहून चौपट सामान तिने बाहेर काढलं: पाटा-वरवंटा, आडाळी म्हणजे विळी, पितळेचे डबे, कणगीतली समई, पेट्रोमॅक्सची बत्ती आणि सगळ्यांत वर आपली ट्रंक. बैलांनी मागे वळून बघितलं. गोदूबाई मात्र एका फडक्यात टोप आणि तवा बांधून, काखेत चटई मारून तयार. ती चालतच जाणार होती.

"सत्यवती, गावपळणीक चललंस काय गो, की गाव सोडून?"

"घरात ठेवलेला घरात रवता म्हणान कोणी सांगलाय, आये? माझा माझ्याबरोबर असलेला बरा."

गोदूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मग रविकांतकडे. रविकांत बैलाच्या शिंगांकडे बघत होता. सत्यवतीने ते सगळं टिपून ठेवलं.

* * *

खाडीच्या वरच्या अंगाला, वेशीपलीकडे, दरवेळच्याच माडांखाली त्यांची राहुटी उभी राहिली. गुरुदासने खुंटे ठोकले, रविकांतने झावळं बांधली, मधोमध लुगड्याचा पडदा टाकला. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष आणि सत्यवतीचं सामान. सामानाने पुरुषांना पाय पसरू दिले नाहीत.

आजूबाजूला अख्खा गाव. कोणाचा ट्रान्झिस्टर लागला होता, कोणाची गाय दुसऱ्याच्या चुलीपाशी गेली होती, वरच्या बाजूला भजनाला टाळ निघाले होते. पोरांना तर जत्राच. एरवी सत्यवतीला गावपळण आवडायची. घर मागे राहिलं की झाडलोट मागे राहते, आणि शेजारणींशी बोलायला सवड मिळते. या वेळी तिचं लक्ष कशातच नव्हतं. नारळ खवताना ती नीरजाकडे बघत होती, भात वेळून पेज गाळताना सासूकडे. कोणी हसलं की आपल्याबद्दलच, आणि कोणी गप्प बसलं की आपल्यामुळेच.

झावळाच्या भिंतीचा एक दोष आहे. ती ऊन थोडंफार अडवते, आवाज अजिबात नाही. संध्याकाळी पाणी घेऊन येताना सत्यवतीने राहुटीच्या मागल्या बाजूला सासूचा दबलेला आवाज ऐकला आणि कळशी कमरेवर तशीच धरून ती थांबली.

"तिका आताच काय सांगा नको. परत घराक गेल्यार बघूया."

"पण आये, वयनीक कळतलाच." ही नीरजा. "लपवतलंय तरी कितके दिस?"

"तेवढे दिस तरी तिचे बरे जावंदेत. आधीच ती माळ्यार जावन इलीहा."

म्हणजे सासूलाही ठाऊक होतं की ती माळ्यावर जाऊन आली. रविकांतनेच सांगितलं असणार. तिला बाजूला ठेवून सगळ्यांची एक मोट बांधलेली होती: नवरा, सासू, दीर, जाऊ. नारळाच्या ट्रकातून पाळणा एव्हाना मुंबईलासुद्धा पोचला असेल. उद्या नीरजाचं पोर त्यात झोपेल, परवा ते मोठं होईल, घर त्याचं होईल, आणि मग गोदूबाईचा कायदा एक दिवस सत्यवतीलाही लागेल. वर्षभर हाताला न लागलेली वस्तू. ती आपली न्हय.

तिने कळशी मुद्दाम आपटून खाली ठेवली. बोलणं तिथल्या तिथे थांबलं.

* * *

सकाळी ती शोधायला निघाली. मुंबईला गेला नसेल तर पाळणा कुठेतरी ठेवायला दिलेला असणार, आणि गावपळणीत लपवायला जागा नसते. ज्याचं त्याचं घर उघड्यावर मांडलेलं असतं. कोणाकडे कसलं पांघरूण आहे आणि कोणाच्या टोपाला पोचा आहे, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.

पहिल्याच वळणावर तिला आपली हंडी दिसली. हरिश्चंद्र गावकाराच्या राहुटीसमोर तीन दगडांवर चढवलेली, आणि तिच्यात आंघोळीचं पाणी उकळत होतं. अशी लखलखीत घासलेली की सत्यवतीने ती कधी घासली नव्हती. त्यांच्याकडे माणसं पंधरा. हरिश्चंद्राची सून लगबगीने पुढे आली. "येवा वयनी, च्या घेवा! हंडी वळाकलात काय? तुमच्या आयेन दिल्यान, म्हणान सगळ्यांका गरम पाणी गावता हां!"

वळाकलात काय म्हणे! सत्यवती चहा न घेताच पुढे गेली.

आनंदीबाईच्या तुळशीच्या डब्यापाशी सत्यवतीच्या घरची समई. रुक्मिणीच्या म्हाताऱ्या सासऱ्याखाली सत्यवतीच्या घरची गादी, हिरव्या पट्ट्यांची, सत्यवतीच्या माहेरून आलेली. आणि गुरांच्या कळपाजवळून चक्क दाजीच चालत आले. तिने पदर डोक्यावर घेतला. जवळ आल्यावर कळलं, आत शिवा गुराखी होता. कोटाच्या बाह्या त्याला आखूड होत होत्या, पण पहाटेच्या थंडीत त्याने सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

"नमस्कार, वयनीनू!" कोट म्हणाला.

सत्यवतीने मान हलवली. आपल्या घराची पिशवी कोणीतरी उलटी करून या माळावर झटकली आहे, असं तिला वाटत होतं. राग तर येत होताच. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला नको होतं. माळ्यावर हंडी होती तेव्हा तिच्यात पाली अंडी घालायच्या, हे तिला आठवलं. ते आठवल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली.

पाळणा मात्र कुठे दिसला नाही. गाबतांच्या, म्हणजे मासेमारांच्या, राहुट्या पार खाली, होड्या लावल्या होत्या तिथे. तिथवर ती गेली नाही. मुंबईचा संशय तिच्या मनात आता गाठ मारून बसला होता.

* * *

दुपारी पानं वाढली. तिसऱ्यांचं एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट केलेलं सुकं, भात, सोलकढी. नीरजाने नुसती सोलकढी घेतली.

"घे गो, तिसरे घे," सत्यवती गोड आवाजात म्हणाली. "की आता चलणत नाय?"

नीरजाचा हात थांबला. गुरुदासने मान वर केली. "वयनी, काय म्हणूचा आसा ता नीट म्हण."

"नीटच म्हणतंय. माझ्या माळ्यारचो पाळणो मुंबयक कधी पोचलो, ह्या विचारतंय. पोराची आवस होतली तिणी मागून घेतल्यान आसतो तर मी हातान दिलो आसतंय. चोरून कित्याक?"

हे खरं नव्हतं, हातानं तिने दिला नसताच, पण बोलण्याच्या भरात ते तिलाही खरं वाटलं. शेजारच्या राहुटीत जेवण थांबल्यासारखं झालं.

"पाळणो?" नीरजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "वयनी, आमची खोली बघलंस मा तू? बालदीसुदां खिळ्याक टांगून ठेवतंव. दोघा निजलंव तर दार उघडणा नाय. पाळणो माका कित्याक? माका दिस गेलेत, ता खरा. आयेन सांगल्यान, वयनीक आताच सांगा नको, तिका वायट वाटात. म्हणान मी गप रवलंय. पाळण्याचा माका कायच म्हायत नाय. आवशीची शपथ."

सत्यवतीने तिच्याकडे नीट बघितलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. कालपासून जे लपवलं जात होतं ते तिच्यापासून हिसकावण्यासाठी नव्हे, तिला लागू नये म्हणून. आणि तेच तिला जास्त लागलं. चोरी तरी बरी होती. चोराला निदान तुमच्याजवळ काहीतरी आहे असं वाटत असतं.

"मगे पाळणो खंय आसा?" तिचा आवाज आता खाली आला होता. "अवो? तुमका काय कल्पना नाय ना? की आसा?"

रविकांतने ताटातला भात गोळा केला. "या संदर्भात असं आहे की..." त्याने सुरुवात केली, आणि मग त्याला ते जमेना. त्याने ताट बाजूला सारलं.

"मीच उतरवलो," तो म्हणाला. "आयेन सांगल्यान आणि मी उतरवलो. पण तिणी सांगल्यान नसता तरी एक दिस उतरवलोच आसतंय. दर चवतीक तू वयर जातस आणि मी खाली शिडी धरून उभो. तुका वाटता माका कायच आयकाक येणा नाय? शिडी हलता, सत्यवती. तू रडतस तेव्वां शिडी हलता."

गुरुदास उठून बाहेर गेला. नीरजाही त्याच्या मागोमाग गेली. झावळाच्या त्या खोपटात तिघंच उरली.

"कोणाक दिलास?" सत्यवतीने सासूला विचारलं.

"बाबली गाबताच्या बायलेक. कावेरीक." गोदूबाई शांतपणे म्हणाली. तिने घास खाली ठेवला नव्हता. "होडयेच्या बाजूक तेंची झोपडी. पोर भुंयर निजवी, रात्री कुरल्यो घरात शिरत. एक दिस पोराच्या पायाक धरल्यान. मी बघलंय ता. आणि आमच्या माळ्यार काय होता, ता पण माका म्हायत होता."

"माका विचारूक काय झाला होता?"

"विचारलंय आसतंय तर तू दितंस?"

"नाय."

"म्हणान नाय विचारलंय." गोदूबाईने पाणी प्यायलं. "तो माळ्यार होतो तवसर तू खाली कधी नव्हतंसच गो. जेवतस खाली, निजतस खाली. पण रवतस वयर."

हे बोलणं सत्यवतीला नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. पण ती गप्प बसली नाही. अठरा वर्षं या घरात राबली होती ती. एक उत्तर तिलाही देणं होतं.

"आये, नाय म्हणूचो हक्क तरी माझो होतो. आणखी काय नव्हता माझा थंय. हंडी दिलात, गादी दिलात, माझ्या बापाशीन दिलेली. मी गप रवलंय. पण नाय म्हणूचा ता माझा होता, आणि तुमी ता पण वाटून टाकलात."

गोदूबाई म्हणजे गावात कोणाला उत्तर द्यायची कधी न राहिलेली बाई. तिने ताटातल्या शिंपल्या एकीवर एक ठेवायला सुरुवात केली.

"चुकलाच माझा," ती शेवटी म्हणाली. "जा. तुझो आसा तो. घेवन ये. मी सांगतंय बाबलीक."

"सांगूची गरज नाय," सत्यवती म्हणाली आणि उठली.

* * *

गाबतांच्या राहुट्या भरतीच्या रेषेला लागूनच होत्या. जाळी सुकत घातलेली, होड्या आडव्या. एका उंडीच्या झाडाच्या आडव्या फांदीला तो टांगलेला तिला लांबूनच दिसला. राघू नव्हे, आधी त्याचं तिरपं टांगणं दिसलं. साखळ्या नव्हत्या म्हणून बाबलीने जाळ्याची निळी नायलॉनची दोरी चार कोपऱ्यांना बांधली होती. एक कोपरा खाली गेला होता. झोका दिला की पाळणा कलंडल्यासारखा व्हायचा आणि कावेरी हात लावून तो सावरायची.

सत्यवतीला येताना बघून कावेरी उभी राहिली. काय म्हणून आली ते तिला विचारावं लागलं नाही. तिने पाळण्यात हात घातला आणि पोराच्या मानेखाली तळवा सरकवला.

"घेवन जावा, वयनीनू," ती म्हणाली. "माका तेव्वांच वाटलेला. इतको चांगलो पाळणो कोण दिता काय? जागो होवचो नाय, मी हळू काढतंय."

"थांब," सत्यवती म्हणाली.

तिने वाकून आत बघितलं. तिला वाटलं होतं, आपलं काळीज फाटेल. तसं काही झालं नाही. आत एक सावळं, वाकड्या नाकाचं पोर मुठी वळून झोपलं होतं, आणि जिथे दरवर्षी ती फडकं फिरवायची तिथे, डाव्या कडेला, त्याच्या लाळेचा डाग पडला होता. त्याच्या पायावर खेकड्याच्या चाव्याचा वण होता. पाळण्याच्या लाकडाला दुधाचा वास येत होता. उंडीच्या तेलाचा वास कुठे गेला ते कळत नव्हतं. इतकी वर्षं तिने पुसून ठेवलेला तो हाच का, असा तिला प्रश्न पडला. तिच्या पाळण्यात कोणी नव्हतं. हा भरलेला होता.

मग तिने त्या निळ्या दोरीला बोट लावलं. दोरी लाकडाला घासत होती. एका राघूची चोच अर्धी झिजून गेली होती.

ती वळली आणि आल्या वाटेने चढून गेली. कावेरी पोराच्या मानेखाली हात तसाच ठेवून उभी राहिली.

राहुटीत येऊन सत्यवतीने सामानाच्या ढिगातून ट्रंक ओढून काढली. पाटा कोसळला, डबे घरंगळले. रविकांत धावत आला. ट्रंक उघडी, बायको गुडघ्यांवर. त्याचा चेहरा उतरला.

"सत्यवती, खंय चललंस? माहेराक?" कचेरीतला एक शब्दही त्याला आठवला नाही. "जाव नको गो. माझा चुकला. माझा चुकला म्हणतंय मा!"

"बाजूक सरा. उजेड अडतासा."

लुगड्यांच्या तळाशी, जुन्या पंच्यात गुंडाळलेलं ते वजन तिच्या हाताला लागलं. गोदूबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. पंचा सुटला आणि पितळेचा आवाज झाला तेव्हा तिला सगळं कळलं असणार, कारण साखळ्या हरवल्या ही गोष्ट तिनेही इतकी वर्षं नातलगांना सांगितली होती. ती वाट सोडून बाजूला झाली.

साखळ्या काळवंडल्या होत्या. त्यांना तिने कधी तेल लावलं नव्हतं.

खाली कावेरीने पोराला कडेवर घेतलं होतं आणि ती भेदरून बघत होती. सत्यवतीने विळ्याने एकेक दोरी कापली. बाबली होडीवरून उतरून आला, त्याने पाळणा खालून धरला. एकेका कडीत तिने साखळी अडकवली. चौथी कडी बसेना, तेव्हा दातांनी आकडा वाकवला. फांदीला साखळ्यांचं तोंड बांधून बाबलीने हात सोडला आणि पाळणा सरळ झाला.

"ठेव तेका," ती कावेरीला म्हणाली.

कावेरीने पोर आत ठेवलं. सत्यवतीने एक झोका दिला. साखळ्या कुरकुरल्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या झोक्याला त्यांचा आवाज लागला. असा आवाज त्यांना आहे हे ती विसरली होती. खरं म्हणजे तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

"वयनीनू," कावेरीने चाचरत विचारलं, "परत कधी व्हयो तुमका? रांगाक लागलो की हाडून दिवंय?"

सत्यवतीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि इथे सांगायला धूळ नव्हती. नाक पदराला पुसलं. मग पाळण्याच्या कडेला हात धरून ती उंडीच्या मुळावर टेकली.

"हेचे पाय भायर येतत तवसर तुझो," ती म्हणाली. "मगे जेका लागात तेका दी. माका विचारूक नको. माळ्यार मात्र कोणाक चढवूक देव नको."

संध्याकाळचा भात त्या दिवशी रविकांतने केला. तो खालून करपला होता, पण सगळ्यांनी खाल्ला.